आधी खेळ ठरवा, मग मशीन : पीएस५, स्विच आणि एक्सबॉक्स सिरीज एस, आमच्या घरातले तिघे

सोनीचं गेम खेळायचं मशीन, पीएस५ (प्लेस्टेशन ५), हे कोल्हापुरात फुटबॉलचं मशीन आहे. खोक्यावर तसं कुठं लिहिलेलं नाही आणि आतल्या चिपलाही फुटबॉलचं वेगळं प्रेम नाही. ईए कंपनीचा तोच फुटबॉलचा गेम 'एफसी' (आधीचा 'फिफा') आमच्या वरच्या मजल्यावर धाकट्या भावाच्या, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर चालतो. पोरीच्या निन्टेंडो स्विचसाठीही त्याची आवृत्ती निघते. तरी शनिवारी रात्री पोरं चपला काढतात त्या खालच्या हॉलच्या दारातच.

राजारामपुरीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. कंट्रोलरची स्टिक बदलायची, एचडीएमआय पोर्ट बसवायचा, फॅनमधली धूळ काढायची, अशी कामं येतात आणि त्यांच्याबरोबर "भावा, कुठलं घेऊ?" हा प्रश्न येतो. यूट्यूबवर याचं उत्तर टेराफ्लॉपमध्ये, म्हणजे चिपच्या वेगाच्या आकड्यांत मिळतं. पण पीएस५ आणि एक्सबॉक्स, दोन्हींच्या पोटात एएमडीचीच चिप आहे आणि बहुतेक गेम दोन्हीकडं निघतात. फरक आहे तो गिऱ्हाइकात. फायटिंग इथं खपतं, गोळ्या झाडायचे शूटर तिथं, शेतीवाडीचे गेम तिसरीकडं. हे वाटप कुणी बसून केलेलं नाही, पण झालंय. पैसे घालण्याआधी ते का झालं हे माहीत असलेलं बरं.

माझं म्हणणं असं की, मशीनवर पहिल्या दोन-तीन वर्षांत जी गर्दी जमते तीच पुढचं सगळं ठरवते. गर्दी कशानं जमते? कधी आतल्या एखाद्या पार्टनं, कधी पुढच्या बाजूला किती पोर्ट आहेत त्यावरून, कधी नुसत्या किमतीनं. एकदा जमली की गेम बनवणारे तिच्या तोंडाकडं बघून गेम काढतात आणि वेगळ्या आवडीचा माणूस तिकडं फिरकत नाही. पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांसारखंच आहे हे. पाटाकडील काय आणि दिलबहार काय, पोरगं संघ निवडत नाही, ज्या गल्लीत वाढतं त्या गल्लीचा संघ त्याचा होतो.

आमच्या पिढीची गल्ली म्हणजे गेम पार्लर. पीएस२ चा जमाना. कॉपी चालाव्यात म्हणून मशीनला चिप बसवलेली, सीडी बाजारातल्या कॉपी, तासाला पंधरा-वीस रुपये. पार्लरवाल्याला असा गेम लागायचा की दोघं खेळतील, चौघं मागं उभी राहून आरडाओरडा करतील आणि पाच-दहा मिनिटांत एक जण हरून उठेल. त्यामुळं टीव्हीवर कायम तीनच गोष्टी : 'टेकन', कुस्तीचा 'स्मॅकडाउन : हिअर कम्स द पेन' आणि फुटबॉल. साठ तासांची गोष्ट असलेला जपानी आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचा गेम) तिथं कोण लावणार? मेमरी कार्ड खिशात घेऊन रोज कोण येणार? 'हिअर कम्स द पेन' तर २००३ साली पीएस२ सोडून दुसरीकडं निघालाच नव्हता. म्हणजे त्या वयाच्या पोरांसाठी प्लेस्टेशनचा अर्थच हे तीन खेळ. तीच पोरं आता ईएमआयवर पीएस५ घ्यायला येतात आणि पहिली सीडी फुटबॉलची मागतात.

'टेकन'चं नातं मात्र नुसत्या सवयीचं नाही, ते सोल्डरिंगपर्यंत जातं. १९९४ साली नामको कंपनीनं तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आणला तेव्हा त्याचा बोर्ड, सिस्टिम ११, प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेला होता. त्यामुळं १९९५ मध्ये घरच्या मशीनवर आणताना त्याचे फारसे हातपाय तोडावे लागले नाहीत. त्याच सुमाराला जपानमध्ये टू-डी (सपाट चित्रांच्या) फायटिंगवाले मात्र सेगा कंपनीच्या सॅटर्न मशीनला चिकटून होते. सॅटर्नच्या डोक्यावर एक खाच होती, तिच्यात ४ एमबी रॅमचं कार्ट्रिज बसायचं. 'एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर' १९९७ मध्ये तिथं आला तो या कार्ट्रिजच्या जोरावर, आर्केडसारखाच, लढता लढता जोडीदार बदलता येणारा. प्लेस्टेशनला मेमरी पुरली नाही, तर तिथल्या आवृत्तीत जोडीदार बदलायची मूळ गंमतच कापावी लागली. अशा वेळी खेळणाऱ्यानं सॅटर्न का सोडावं? माझ्यासारख्या बोर्ड उघडून बसणाऱ्या माणसाला हे उदाहरण फार आवडतं, कारण इथं गेमची जात खरोखर पार्टनं ठरवली. एरवी हार्डवेअरला उगाच श्रेय मिळतं.

फुटबॉलकडं परत येतो. सोनीनं युरोपात १९९७ पासून चॅम्पियन्स लीगला प्लेस्टेशनचं नाव लावलंय. तिकडच्या घरात मॅच आणि ते चार आकार, त्रिकोण-गोल-फुली-चौकोन, एकाच पडद्यावर दिसत आलेत. आपल्याकडं ती जाहिरात रात्री बारा-एक वाजता जागणारेच बघायचे, पण कोल्हापुरात तसे जागणारे कमी नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच असली की दुपारी दुकानात काम करणारी पोरं गायब होतात आणि संध्याकाळी तोच सामना आमच्या हॉलमध्ये क्लबांची नावं बदलून परत खेळला जातो. आता समजा एखाद्यानं एक्सबॉक्स घेतलं, तर? फिफा २३ येईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला ऑनलाइन एकमेकांशी खेळूच शकत नव्हते. त्यातही अकरा दोस्तांनी मिळून एक टीम करायची ती 'प्रो क्लब्ज' त्या वर्षी बाहेरच ठेवली होती, ती पुढच्या वर्षी 'एफसी २४' मध्ये खुली झाली. तोपर्यंत ग्रुपमधल्या सगळ्यांनी काय घ्यायचं ते घेऊन झालं होतं. भिंत पडली, पण वस्ती आधीच वसलेली.

पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरबद्दल एवढंच की फुटबॉलमध्ये त्याची जी करामत आहे ती फुटबॉलवालेच बंद करून टाकतात. खेळाडू दमला की पळायचं आर२ बटण बोटाखाली जड होत जातं. पहिल्यांदा भारी वाटतं. ऐंशीव्या मिनिटाला एका गोलनं मागं असताना ते भारी वाटणं संपतं आणि चुलतभाऊ सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतो. तेच बटण धनुष्याची दोरी ओढताना किंवा गाडीचा ब्रेक दाबताना अप्रतिम आहे. म्हणजे कंट्रोलर बनवला एका जातीच्या गेमसाठी आणि खप दुसऱ्याच जातीचा.

एक व्यवहाराची गोष्ट मोठ्या शहरातल्या रिव्ह्यूवाल्यांना दिसत नाही. नवीन मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. आमच्याकडं तो माणूस डिस्क म्हणूनच घेतो, कारण संपला की निम्म्याच्या वर किमतीत विकता येतो. 'गॉड ऑफ वॉर', 'स्पायडर-मॅन', 'द लास्ट ऑफ अस' असे सोनीचे गोष्टीवाले गेम यासाठी एकदम चोख. पंधरा-वीस तासांत गोष्ट संपते, बॉक्स कोरा ठेवायचा, पुढच्याला द्यायचा. एकच डिस्क चार-पाच घरं फिरते आणि कंपनीच्या हिशेबात ती एकदाच विकलेली असते. फुटबॉलची डिस्क उलटी. ती वर्षभर कुणी हातची सोडत नाही आणि सप्टेंबरात नवीन आली की जुनीला कुणी विचारत नाही. म्हणून 'कोल्हापुरात कुठला गेम खपतो' आणि 'कोल्हापुरात कुठला गेम खेळतात' या दोन याद्या वेगळ्या निघतात. डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल आवृत्ती स्वस्त पडते खरी, पण गोष्टीवाले गेम खेळणाऱ्यानं इथं ती घेऊ नये.

पीएस५ ला माझे गुण : फुटबॉल, फायटिंग आणि एकट्यानं रात्री बसून खेळायच्या गोष्टींसाठी पाचपैकी साडेचार. घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायला दोन, तेही 'अ‍ॅस्ट्रो बॉट'च्या मेहेरबानीनं, आणि तोसुद्धा खरं तर एकट्याचाच गेम.

लांबलचक गोष्टीवाले जपानी आरपीजी प्लेस्टेशनकडं का गेले, हा प्रश्न मला कुणी दुकानात विचारत नाही, पण मी सांगतोच. सुपर निन्टेंडोवर ते सुखानं नांदत होते. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ आला तो सीडीऐवजी चिपचं कार्ट्रिज घेऊन, आणि कार्ट्रिजची धाव फार तर ६४ एमबी. सीडीत साडेसहाशे मावतात. शिवाय सीडी छापायला स्वस्त आणि झटपट, कार्ट्रिज मात्र महिने आधी पैसे मोजून मागवायचं, आणि माल पडून राहिला तर नुकसान तुमचं. स्क्वेअरनं १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशनवर आणला, तोही तीन सीडींवर. त्यातले सिनेमासारखे तुकडे कार्ट्रिजमध्ये कोंबायचे कसे? एनिक्सही 'ड्रॅगन क्वेस्ट ७' घेऊन तिकडंच गेली, २००० साली. गोष्ट वाचणारा गिऱ्हाईक त्यांच्यामागून गेला.

मग निन्टेंडोकडं उरलं काय? मशीनच्या तोंडावरचे चार पोर्ट. त्या काळात प्लेस्टेशनला दोन होते, चौघांसाठी वेगळा जोड विकत घ्यावा लागायचा. निन्टेंडो ६४ ला चार कंट्रोलर थेट लागत. 'मारिओ कार्ट ६४', 'मारिओ पार्टी', आणि टीव्हीचे चार तुकडे करून एकमेकांवर गोळ्या झाडायचा 'गोल्डनआय', जो ८० लाखांवर गेला. चार पोर्टनं चार माणसं सोफ्यावर बसवली आणि निन्टेंडोनं ती आजतागायत उठू दिलेली नाहीत. आमच्या घरात ती चार माणसं म्हणजे मी, बायको, पोरगी आणि भावाची बायको.

म्हणजे स्विच. निन्टेंडो हा स्विच भारतात अधिकृतपणे विकत नाही. जो मिळतो तो दुबई-सिंगापूरहून आलेला, बिल आणि वॉरंटीच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर. किंमत रोजच्या हवेप्रमाणं बदलते. त्यामुळं घेताना पहिली गोष्ट, दोन्ही जॉय-कॉनच्या, म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरच्या, स्टिक सेटिंगमध्ये जाऊन तपासून घ्या. स्टिकला हात न लावता ठिपका सरकतो, या तक्रारीवरून परदेशात कोर्टकज्जे झालेत, आणि दुरुस्ती इथं माझ्यासारख्याकडंच करून घ्यावी लागणार आहे.

पोरगी दहा वर्षांची आहे. तिचं 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चं बेट आहे, त्यावर ती झाडं हलवून फळं पाडते, विकते आणि टॉम नूक नावाच्या सावकाराचं घराचं कर्ज फेडते. मी एकदा म्हटलं, "अगं, यात जिंकायचं काय?" तर मान वर न करता म्हणाली, "पप्पा, जिंकायचं नसतंय, राहायचं असतंय." हा गेम २० मार्च २०२० ला आला. चारच दिवसांनी आपल्याकडं लॉकडाऊन लागला आणि अर्धं जग तर आधीच घरात कोंडलेलं होतं. साडेचार कोटींवर प्रती गेल्या. लॉकडाऊनचा हात होताच, पण हा गेम दुसऱ्या मशीनवर असता तर इतका गेला असता असं मला वाटत नाही. असे गेम तुकड्यातुकड्यांत खेळले जातात. जेवायला हाक आली की बटण दाबून झोपवायचा, अंथरुणात पडल्यावर परत उठवायचा. टीव्हीवर सिरीयल चालू असली तरी अडत नाही, लाइट गेली तरी दोन-तीन तास अडत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' संगणकावर २०१६ मध्येच आलेला होता, पण स्विचवर आल्यावर तो जणू तिथलाच होऊन गेला. शेतीच्या गेमला मोठा पडदा लागत नाही, मोकळा हात लागतो.

हातात मावणारं मशीन काय करू शकतं याचा सर्वांत ठसठशीत दाखला जपानचा आहे. कॅपकॉमचा 'मॉन्स्टर हंटर' २००४ मध्ये पीएस२ वर सुरू झाला, ऑनलाइन खेळायचा म्हणून. खप त्यामानानं बेताचाच. पुढं तो सोनीच्या हातात मावणाऱ्या पीएसपीवर गेला आणि शाळाकॉलेजातली पोरं चौघं-चौघं घोळक्यानं, इंटरनेटशिवाय, मशीनला मशीन जोडून राक्षस मारायला लागली. २००९ मध्ये मोठा नवा भाग निन्टेंडो वीवर दिला, तो जपानात दहा लाखांच्या आसपास गेला. पुढच्या वर्षाच्या शेवटी पीएसपीवर 'पोर्टेबल थर्ड' आला, तो पन्नास लाखांच्या घरात. गेमची जात एकच, देश एकच, सव्वा वर्षाचा फरक. बदललं ते एवढंच की चार पोरं चार टीव्ही न लागता एका बाकावर बसू शकली.

आता आकड्यांतली एक गंमत, कारण 'खपतो' म्हणताना आपण घसरतो. 'मारिओ कार्ट ८' आधी २०१४ मध्ये वी यू नावाच्या मशीनवर आला आणि सुमारे ८५ लाख गेला. तोच गेम थोडा सजवून २०१७ मध्ये स्विचवर आणला, तो सहा कोटींच्या पुढं गेला. लोक म्हणतात, बघा, स्विचला रेसिंग मानवलं. पण वी यू मशीनच विकलं गेलं एक कोटी ३५ लाख. म्हणजे त्याच्या दहा मालकांतल्या सहांकडं हा गेम होता. स्विच पंधरा कोटींवर गेलाय, त्याच्या दहांतल्या चार-साडेचारांकडं आहे. प्रेम बुडालेल्या मशीनवर जास्त होतं. गिऱ्हाईकच थोडं होतं, आणि होतं ते सगळं निन्टेंडोचं कट्टर.

आणि स्विचवर फुटबॉल? फिफा २० पासून २३ पर्यंत ईएनं स्विचला 'लेगसी एडिशन' दिली. खेळ जुनाच, वर्षाला जर्सी आणि संघ तेवढे नवे, पैसे मात्र दरवर्षी नव्यानं. तिथं खप नाही म्हणून मेहनत नाही, मेहनत नाही म्हणून खप नाही. असल्या चक्रात कुठल्या बाजूनं पहिला दोर कापायचा? 'एफसी २४' पासून त्यांनी इंजिन बदललं, गेम सुधारला. पण एव्हाना फुटबॉलवाला स्विचकडं बघायचाच थांबलाय.

याच्या उलट्या टोकाला निन्टेंडो वी. २००६ चं मशीन, हातवारे करून खेळायचं. त्यानं आज्या, आया, शाळा, दवाखाने गोळा केले. 'वी स्पोर्ट्स' बऱ्याच देशांत मशीनबरोबर फुकट होता, आठ कोटींवर गेला. या गर्दीचं वैशिष्ट्य असं की तिनं पुढं दुसरं मशीन घेतलंच नाही. त्यामुळं नाचायचा 'जस्ट डान्स' यूबीसॉफ्ट २०१९ च्या नोव्हेंबरातही वीसाठी काढत होती, तेरा वर्षं जुन्या यंत्रासाठी! आणि त्याच वीवर रक्ताळलेला 'मॅडवर्ल्ड' किंवा 'डेड स्पेस : एक्स्ट्रॅक्शन' २००९ मध्ये आले ते पडूनच राहिले. त्याच वर्षी निन्टेंडो डीएसवर 'जीटीए : चायनाटाउन वॉर्स' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. जीटीएचं नाव, डीएस तर घरोघरी. अमेरिकेत पहिल्या दोन आठवड्यांत ९० हजारसुद्धा नाही. आईनं पोराला घेऊन दिलेल्या मशीनवर गाड्या चोरायचा गेम आई कशाला घेऊन देईल?

आमच्याकडं 'जस्ट डान्स'ची जागा 'रिंग फिट'नं घेतली आहे. एक मोठी लवचीक रिंग हातात, एक पट्टा डाव्या मांडीला, आणि जागच्या जागी पळत पळत राक्षसांशी लढाई. मारायचं ते बैठका काढून. भावाच्या बायकोनं आधी पट्टा साडीवरून बांधून बघितला, तो घसरला, मग ड्रेस घालून आली, आणि तेव्हापासून सकाळी सहाला वरून धपधप ऐकू येतं. आरपीजी म्हणजे काय हे तिला विचारा, ती सांगू शकणार नाही. पण तिची लेव्हल माझ्यापेक्षा जास्त आहे. स्विचला घरासाठी पाच, फुटबॉलसाठी एक.

राहिला भावाचा एक्सबॉक्स. सिरीज एस भारतात १० नोव्हेंबर २०२० ला ३४,९९० रुपयांना आला. पीएस५ त्यानंतर २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० ला. भावाची नोकरी नवीन होती, पंधरा हजारांचा फरक त्याच्यासाठी मोठा, आणि महिन्याला पैसे भरून ढीगभर गेम खेळायचा 'गेम पास' घेतला की डिस्क घ्यायलाच नको. डिस्क लावायला जागाही नाही म्हणा. आतल्या ५१२ जीबीतली गेमसाठी साडेतीनशेच्या आसपास उरते. एक 'कॉल ऑफ ड्यूटी' टाकला की घरचं लग्न निघाल्यासारखी जागेची ओढाताण.

तो मुख्यतः शूटर खेळतो, आणि याला त्याची आवड जितकी कारण आहे तितकाच २००१ चा पहिला एक्सबॉक्स. त्या डब्यात नेटवर्क केबलचं पोर्ट आणि ८ जीबीची हार्ड डिस्क पहिल्यापासून बसवून आलेली. पीएस२ ला ऑनलाइन जायला बऱ्याच जणांना वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागे. मशीन बाजारात आलं त्याच दिवसापासून 'हेलो' होता, ज्यानं दोन स्टिकवर नेम धरणं सुसह्य केलं. वर्षभरात ऑनलाइन खेळायची सेवा 'एक्सबॉक्स लाइव्ह', २००४ मध्ये 'हेलो २'. कानाला माइक लावून अनोळखी माणसाला शिव्या देत गोळ्या झाडायची अमेरिकी पोरांची सवय इथं पक्की झाली. पुढं एक्सबॉक्स ३६० च्या काळात 'कॉल ऑफ ड्यूटी'चे नवे नकाशे महिनाभर आधी तिथं मिळायचे. शिवाय पीएस३ चे खालचे ट्रिगर बाहेरच्या बाजूला उतरते, बोट घसरायचं, म्हणून तिथं गोळी वरच्या आर१ वर ठेवली होती. ३६० वर ती खऱ्या ट्रिगरवर. छोट्या गोष्टी आहेत, पण दिवसाला तीन तास खेळणाऱ्याला छोट्या वाटत नाहीत. २०१५ मध्ये आधी-नकाशे मिळण्याचा करार प्लेस्टेशनकडं गेला आणि शूटरची गर्दीही बरीच तिकडं वळली. गर्दी हलू शकते, पण तिला हलायला दोस्तांसकट हलावं लागतं.

नुसता पैसा टाकून ती हलत नाही, हे मायक्रोसॉफ्टनं जपानात बघितलं. ३६० साठी त्यांनी 'फायनल फँटसी'च्या जनकालाच, हिरोनोबू साकागुचींना, गाठलं. 'ब्लू ड्रॅगन' २००६ मध्ये, 'लॉस्ट ओडिसी' २००७ मध्ये. चांगले गेम होते. मशीन तरीही जपानात सोळा लाखांच्या आसपासच अडकलं. आणि ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं ते मात्र आले : पडदाभर गोळ्यांचा पाऊस पाडणारे, एका छोट्या विमानानं चुकवायचे केव्ह कंपनीचे आर्केड गेम. त्या खेळाचे वेडे जपानी केवळ तेवढ्यासाठी ३६० घेऊन ठेवत. माणसं थोडी, पण जागची न हलणारी.

सिरीज एसचं दुखणं २०२३ मध्ये जगासमोर आलं. 'बाल्डर्स गेट ३' हा आरपीजी पीएस५ वर सप्टेंबरात आला. एक्सबॉक्सवर अडला, कारण सिरीज एसवर पडदा दुभागून दोघांनी खेळायचं जमेना आणि मायक्रोसॉफ्टचा नियम होता की महागड्या सिरीज एक्सवर जे आहे ते एसवरही हवं. शेवटी डिसेंबरात एसला त्यातून सूट देऊन गेम आला. भावाला त्याचं काही वाटलं नाही, तो असले गेम खेळत नाही. पण हेच बघा ना : त्या जातीचा खेळणारा तोवर दुसऱ्या मशीनवर शंभर तास घालून बसला होता.

'गेम पास'नं मात्र भावाची चव बदलली, हे मान्य करावं लागेल. गाड्या धुणं, बागा, कोडी, असले गेम त्यानं पैसे देऊन कधीच घेतले नसते. फुकटात दिसतात म्हणून उघडतो आणि रात्री दोनपर्यंत बसतो. "दादा, पंधरा मिनिटं बघतो फक्त." असे गेम एक्सबॉक्सवर 'खपत' नाहीत, पण खेळले जातात. खपाच्या यादीवरून मशीनचा स्वभाव ओळखणाऱ्यांना हे दिसणार नाही. सिरीज एसला शूटर आणि चाखून बघण्यासाठी साडेतीन. आज नवं घ्यायचं तर मी आधी थांबा म्हणेन, कारण 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला, 'गिअर्स ऑफ वॉर'ही आला, आणि खुद्द 'हेलो' प्लेस्टेशनसाठी जाहीर झालाय. ज्या गेमसाठी लोक ते मशीन घ्यायचे तेच गेम शेजारी मिळायला लागले तर उरते फक्त किंमत.

क्रिकेटचं विचारणार हे माहीत आहे. ईएचा 'क्रिकेट ०७' संगणक आणि पीएस२ वर आला, त्यानंतर त्यांनी ती मालिकाच सोडली. संगणकावर पोरं नवे संघ, नव्या जर्सी टाकून तो अजून जिवंत ठेवतात. आज बिग अँट कंपनीचे क्रिकेटचे गेम तिन्ही मशीनवर मिळतात, बरे आहेत, पण क्रिकेटचं खरं मशीन आपल्या खिशातला फोन झालाय. 'रिअल क्रिकेट', 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' फुकट उघडतात, मग पाच हजाराची डिस्क क्रिकेटवेडा कशाला घेईल? आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियात क्रिकेट परवडेल एवढा कन्सोलवाला आहे, पण तो मोठ्या कंपनीनं लक्ष द्यावं एवढा नाही.

डावपेचांचे गेम आजवर माउसवाल्यांचे. 'एज ऑफ एम्पायर्स २' १९९९ चा, एक्सबॉक्सवर यायला २०२३ उजाडलं, आणि तिथंही गावकऱ्यांना कामाला लावायचं ओझं कंट्रोलरवरून उचलून बरंचसं गेमकडंच दिलंय. भाऊ खेळतो, पण किल्ला पडेपर्यंत त्याला सैन्य सापडत नाही.

निन्टेंडोचं नवं मशीन, 'स्विच २', २०२५ च्या जूनमध्ये आलंय. त्याचा जॉय-कॉन आडवा करून टेबलावर घासला की माउससारखा चालतो, आणि डावपेचांचा 'सिव्हिलायझेशन ७' त्यावर तसाच खेळता येतो. पार्टनं गर्दी ओढायची ही पुन्हा एक संधी. पण पोरीच्या वयाचं गिऱ्हाईक ज्या मशीनवर बसलंय तिथं डावपेचवाला येऊन बसेल का, हे दोन-तीन वर्षांत कळेल. पुण्याच्या मित्राकडं एक पीस आहे. गणपतीत तो घेऊन येणार आहे, मांडीवर माउस कितपत घासता येतो ते तेव्हा बघू. आमच्या हॉलमध्ये टेबल नाही.